डिशवाला तंबू

कैलासची डिश पहिल्याच प्रयत्नात लागली. आखातातल्या सखीरच्या वाळवंटात तिचा स्टँड रोवून, वाऱ्यानं हलू नये म्हणून पायांवर दगड ठेवून त्यानं ती अशी बरोबर वळवली, की टीव्हीवर मैदानातलं गवतसुद्धा मोजून घ्यावं. मोजायला तंबूत दुसरं कोणी नव्हतं, एवढंच.

सगळे शेजारच्या तंबूत, जयप्रकाशकडे बसले होते. जयप्रकाश कैलासच्या बायकोच्या, अपेक्षाच्या माहेरच्या वाडीतला, इथं शहरात सीफ भागातल्या एका ऑफिसात कामाला. त्यानं मोबाइल आणि ओंजळीत मावेल एवढा प्रोजेक्टर आणला होता. कनातीवर पांढरी चादर टांगली, मोबाइलचा डेटा सुरू केला आणि बॅट्समन माणसाएवढा उभा केला.

नईममधल्या घरून निघतानाच अपेक्षानं नवऱ्याला सांगितलं होतं की यंदा ती डिश राहू दे. जयदादा डेटावर मॅच लावणार आहे, पिकपमध्ये सतरंज्यांना तेवढीच जागा होईल. कैलासनं सतरंज्या घरी ठेवल्या आणि डिश घेतली. आता त्याच्या तंबूत एकच चटई होती, तिच्यावर तो होता. एकटा जीव सदाशिव. बायको तिकडे भजी तळत होती, लेक भक्ती जयमामाला चिकटून बसली होती. कैलासचा दोस्त फारुख तेवढा टॉसपर्यंत टिकला. मग चहा घेऊन येतो म्हणून गेला आणि तिकडचाच झाला.

गेल्या वर्षापर्यंत थंडीतल्या प्रत्येक सहलीला याच डिशपुढं दाटी व्हायची आणि कैलास मालकासारखा रिमोट धरून बसायचा. आज पोटात नुसती आग होती. भजीचा वास आला तशी ती वाढली.

पहिली विकेट पडली तेव्हा तो एकटाच हळहळला. तिकडे खुशाल गप्पा चालल्या होत्या. जरा वेळानं सगळा तंबू हळहळला, तेव्हा कैलासच्या डोक्यात प्रकाश पडला. डेटावरचं चित्र मागून येत होतं. इथं घडून गेलेलं तिकडे अजून घडायचं होतं.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. चौकार बसला की हा लगेच ओरडायचा, ‘फोर!’ विकेट गेली की, ‘गेला!’ तिकडच्यांची मजा बॉल पडायच्या आतच खलास. कैलासला फार बरं वाटलं. आता वैतागतील, उठतील आणि झक मारत इकडे येतील, असा त्याचा हिशेब होता.

आला तो एकटा जयप्रकाश. कनात वर करून हात जोडले आणि हसत म्हणाला, “भावजी, जरा दमानं. तुमचं चित्र विमानानं येतं, आमचं एसटीनं.”

तिकडे हशा पिकला. त्यात अपेक्षाही होती. कैलासच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण चावायला गेलो आणि त्याची यांनी गंमत केली. याला कशाचा राग कसा येत नाही, याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

पुढच्या ओव्हरमध्ये आपल्या बॅट्समननं बॉल उंच उडवला तो थेट प्रेक्षकांत. सिक्स. कैलास छातीतून ओरडला, “कॅच! आऊट!”

तिकडे एकदम सुतक पडलं. “नो, नो,” भक्तीचा रडवेला आवाज आला. त्याला थोडं वाईट वाटलं. पण गोडही वाटलं. आणि मग चादरीवरचा बॉल प्रेक्षकांत पडला. तंबूच्या काठ्या हलतील अशी आरोळी उठली. साध्या सिक्सला इतका आनंद कुणाला होत नाही. रडता रडता मिळालेला सिक्स होता तो, आणि तो कैलासनंच त्यांना दिला होता.

भक्ती धावत आली. कैलासनं पटकन बाजूला सरून चटई हातानं झाडली. ती आत आलीच नाही. कनात धरून धापा टाकत म्हणाली, “पप्पा, वन मोअर टाइम! जयमामा म्हणतो, प्लीज डू इट अगेन. इट वॉज सो मच फन.” आणि गेलीसुद्धा.

झाडलेल्या चटईकडे तो बघत राहिला.

मॅच शेवटच्या बॉलवर आली. शेवटची जोडी मैदानात, एक चौकार लागला की जिंकलो. तिकडे प्रोजेक्टरचा आवाज बारीक झाला. सगळे त्याची वाट बघत होते, हे त्याला कापडाआडूनही कळत होतं. बॉलर धावत आला. बॅट फिरली. मधला स्टंप उडाला.

“अहो,” अपेक्षानं तिकडून विचारलं, “सांगा ना, काय झालं?”

कैलासनं रिमोट खाली ठेवला. “आऊट,” तो म्हणाला. “हरलो आपण.”

शेजारचा तंबू हसून लोटपोट झाला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्टी मारली. जिंकलो, जिंकलो, म्हणून भक्ती नाचायला लागली. त्या गलक्यात अपेक्षाचं हसू त्याला वेगळं ओळखू आलं. त्याच्या बोलण्यावर ती अशी किती दिवसांत हसली नव्हती.

तो चटईवर तसाच बसून ऐकत राहिला. चित्र तिकडे पोचायला अजून थोडा वेळ होता.