आत्म्याचा काटा

फादर सिल्वेस्टर डिमेलो यांनी आत्मदर्शक यंत्राची चकती आपल्या बेशुद्ध आईच्या कपाळावर टेकवली. काटा जरासा थरथरला आणि ‘प्राणी’वर येऊन थांबला.

"मरणाआधीचा तैलाभ्यंग संस्कार देता येणार नाही," म्हणत त्यांनी तेलाच्या कुपीला झाकण लावलं. "हिच्यातला मानवी आत्मा गेलाय. उरलाय तो जनावराचा."

पुतणी ब्रिजेट इस्पितळातल्या त्या पलंगाशी उभी होती. ती त्यांच्याकडेच तत्त्वज्ञान शिकली होती.

"फादर काका, झोपलेला माणूस विचार करत नाही, तरी तो माणूसच असतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? हे यंत्र आत्म्याचं काम मोजतं. आत्मा कसा मोजेल?"

धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत फादर आयुष्यभर आत्म्याचे तीन प्रकार शिकवत आले होते, आणि शास्त्रज्ञ आयुष्यभर त्यांना हसत आले होते. मग हे यंत्र निघालं. शास्त्रज्ञांनी हार मानली आणि चकतीवर फादरांच्याच वर्गातले तीन शब्द कोरले: वनस्पती, प्राणी, मानव. आता यंत्र चुकतं म्हणायचं, म्हणजे जिंकलेला वाद आपल्याच तोंडाने हरायचा.

"काटा स्पष्ट आहे," ते म्हणाले. "नर्सला सांग, अन्नाची नळी काढून टाका. माणसांच्या वॉर्डात जनावरं पोसत नाहीत."

तेवढ्यात म्हातारीने डोळे उघडले.

"सिलू," ती म्हणाली, "जेवलास का रे?"

ब्रिजेटने फादरांकडे पाहिलं. फादरांनी काट्याकडे पाहिलं. तो हलला नव्हता.

"बोलायला काय, पोपटही बोलतो," ते म्हणाले आणि चकती पुसून पेटीत ठेवू लागले.