वीणेचा पहारा

चौऱ्याहत्तर साली आमच्या विद्यापीठाच्या आवारात भजनाचा सप्ताह बसला. सातही दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. दुपारचे पहारे बायकांचे. कोणाच्या मागे कोण, तो कागद मीच लिहिला होता. पाचव्या दिवशी रामटेककडच्या कौसल्याबाईंचा पहारा संपला आणि वीणा घ्यायला मुलींच्या वसतिगृहातली स्वयंपाकीण प्रेमिला पुढे आली. म्हातारीने मानच फिरवली. "हे काय केलं सर तुमी!" मंडळातली एक बाई टाळ थांबवून माझ्या कानाशी आली. "सासू-सून हायेत ह्या. पोरगा मेला त्या दिवशी बुढीनं हिच्या पायातली जोडवी ओढून काढली, अन् हिले घराबाहेर केलं." मला हे ठाऊकच नव्हतं. पण आता वीणा ठेवणार कुठे? प्रेमिला वाकली, पाया पडली आणि वीणा गळ्यात घेऊन ताठ उभी राहिली. कौसल्याबाई गुडघ्यांवर हात देत कशाबशा वाकल्या. जोडव्याच्या जागी राहिलेला पांढरट व्रण समोर आला, तशा तिथेच थबकल्या. त्यांचं बोट त्या व्रणावरून हलकेच फिरलं. "उठा आत्याबाई, गुडघे दुखते ना तुमचे," प्रेमिला म्हणाली. म्हातारी उठली ती थेट माझ्याकडे आली. "सर, उद्या माहा पहारा हिच्या आधीच ठेवजा," पदराने नाक पुसत ती म्हणाली. "अन् परवाही."