फादरांची छाटणी

फादर, माझ्या आत्याला भर चर्चमध्ये खाली बघायला लावलंत ते तुम्हीच! "ज्या फांदीला फळ नाही ती छाटली जाते," असं वेदीवरून सांगताना बोट थेट तिच्याकडे. का, तर तिला मूलबाळ नाही. वर चर्चच्या द्राक्षमळ्याची कात्रीही तिच्या हातून काढून घेतलीत. चाळीस वर्षं वेदीवरचा द्राक्षारस त्याच कात्रीच्या जिवावर येत होता. यंदा छाटणीला तुम्ही स्वतः उतरलात.

"बघा आत्याबाई, बारक्या काड्या सगळ्या उडवल्या. जाडजूड तेवढ्या ठेवल्या!"

"अहो फादर, द्राक्षं त्या बारक्यांनाच लागतात."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

हंगाम आला. पानं हत्तीच्या कानाएवढी, घड मात्र औषधालाही नाही. वेदीवरचा पेला कोरडा. तरी तुमचं प्रवचन थांबतंय होय? परवाच्या रविवारी विषय काय, तर लग्नघरी येशूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस कसा केला.

आत्या पहिल्या बाकावरून उठली.

"फादर, विहिरीवरून सहाही रांजण काठोकाठ भरून दाराशी ठेवलेत. बोला, कधी सुरू करताय?"