तिसरी पट्टी

शनिवार असल्यामुळे कलकत्त्यातलं टायरचं दुकान अर्धाच दिवस उघडं होतं. बायकोने, सरोजने, एक वाजता सियालदहच्या ट्रामथांब्यावर उभं राहायचं आणि रघुनाथने दुकानातून थेट तिथे यायचं, असं ठरलं होतं. तिचा चष्मा तयार होऊन दोन आठवडे झाले होते. तो आणायला जायचं रघुनाथने दोनदा पुढे ढकललं होतं. आज तसं करायचं नव्हतं. त्याने रांगेतल्या शेवटच्या तीन गाड्यांना मान वर न करताच सोमवारी यायला सांगितलं, नेहमीच्या सवयीने त्यांच्या टायरांवर पिवळ्या मेणखडूने वार लिहिला, हात धुतले आणि तो निघाला.

वाटेत कालबैसाखीचं वादळ आलं. वारा, धूळ आणि मग पाऊस. एकला दोन मिनिटं असताना तो थांब्यावर पोचला. तिथे माणसांचं कडं झालं होतं आणि कड्याच्या बाहेर सरोजची छत्री पडली होती.

सरोजला चिरडून गेलेली मोटार थांबली नव्हती. कुणी म्हणालं हिरवी होती, कुणी म्हणालं काळी. नंबर कुणीच पाहिला नव्हता. मागे राहिली ती सरोजच्या पातळाच्या पदरावर चाकाची चिखलाची खूण. रघुनाथने वीस वर्षं टायर बसवण्यात घालवली होती. त्या खुणेत त्याला सरळ, अरुंद पट्ट्या दिसल्या. शर्यतीचा टायर. बाहेरून तिसऱ्या पट्टीचा अंगठ्याएवढा तुकडा उडालेला.

ठाण्यातल्या दारोगाबाबूंनी कागदावर सगळं उतरवून घेतलं. "टायर सापडला तर कळवा," ते म्हणाले. आरोपीच्या नावाची ओळ त्यांनी कोरी ठेवली.

त्यानंतर अकरा महिने रघुनाथने दुकानात आलेला प्रत्येक टायर हाताने चाचपला. घरी ते पातळ न धुता ट्रंकेत होतं. बहीण प्रतिभा म्हणायची, "दादा, बागबाजारच्या घाटावर जाऊन गंगेत सोडून ये रे ते. किती दिवस ठेवणार आहेस?"

"सोडीन," तो म्हणायचा. "आधी तो माणूस सापडू दे."

मार्चमधल्या एका सकाळी दुकानासमोर उघड्या टपाची दोन सीटांची गाडी उभी राहिली. गडद हिरवी. पंचविशीतला एक तरुण उतरला.

"नमस्कार, काका."

रघुनाथ दचकला. "मी मराठी आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ठाऊक होतं," तरुण म्हणाला. "मी चारुदत्त. बँकेत आहे. वर्षभर ट्रेनिंगला दिल्लीत होतो, गाडी गॅरेजमध्येच पडून होती. टायर बदलायचेत. एकच जोड असा द्या की रोज ऑफिसलाही चालेल आणि रविवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवरच्या रेसलाही."

"लग्नात आणि अंत्ययात्रेला एकच कोट घालता का?"

चारुदत्त हसला. "कलकत्त्यात मराठीत बोलणी खायला मिळतील असं वाटलं नव्हतं."

"मग नीट ऐका. रेसच्या टायरचं रबर मऊ असतं आणि खाचा उथळ. तापल्यावर कोरड्या काँक्रीटला ते चिकटून राहतं. तेच पावसात ट्रामच्या रुळावर साबणासारखं. रस्त्याच्या टायरला खोल खाचा असतात, त्यातून पाणी बाहेर फेकलं जातं. पण त्यावर दहा फेऱ्या मारल्यात तर तापून त्याचे तुकडे उडतील. दोन जोड घ्या. रेस संपली की रेसचे काढायचे. त्याच दिवशी."

"मागच्या वेळी तेच राहून गेलं."

"राहून जाऊ द्यायचं नसतं." रघुनाथचा आवाज चढला. "तसले टायर चढवलेली गाडी जो पावसात रस्त्यावर जाऊ देतो, त्याला मी माणूस म्हणत नाही."

चारुदत्तने विचारलं, "रुळांवर घसरली की काहीच करता येत नाही ना?"

"ब्रेक दाबा, चाक वळवा. ती जाते तिकडेच जाते."

"हो," चारुदत्त म्हणाला. "तिकडेच जाते."

रघुनाथने त्याच्याकडे पाहिलं. मग जॅक लावून डावीकडचं पुढचं चाक उचललं आणि हाताने हळूहळू फिरवलं. सरळ, अरुंद पट्ट्या. बाहेरून तिसऱ्या पट्टीवर त्याने बोट टेकवून ठेवलं. चाक अर्धं फिरलं आणि बोट खड्ड्यात गेलं. अंगठ्याएवढ्या.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. अकरा महिने या क्षणी काय वाटेल याचा त्याने विचार केला होता. आता फक्त गुडघे दुखत होते.

"काय झालं, काका?"

"काही नाही. आत बसा. चहा मागवतो. वेळ लागेल."

चारुदत्त आत जाऊन बाकावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, परीक्षेला आलेल्या मुलासारखा. टेबलाच्या काचेखाली ठाण्याचा फोन नंबर होता. रघुनाथने तो फिरवला.

"दारोगाबाबूंना सांगा, टायर सापडला," तो हिंदीत म्हणाला. "माणूसही इथेच आहे." पलीकडून उत्तर आलं, पंधरा मिनिटांत येतो.

तो परत गाडीपाशी आला. टायर पोलिसांच्या हातात द्यायचा तर काढून ठेवलेला बरा. त्याने हातोडीने मधला नट सैल केला, चाक ओढून काढलं, भिंतीपर्यंत ढकलत नेलं आणि वळवून टेकवलं.

टायरच्या आतल्या अंगाला, गाडी धुताना पुसून जाऊ नये अशा जागी, पिवळ्या मेणखडूने 'सोम.' लिहिलेलं होतं. अक्षर रघुनाथचं होतं.

त्या शनिवारी सोमवारवर ढकललेलं ते काम अजून व्हायचं होतं.