हाराचा कागद

पंखा कर्रकन वाजला आणि घरातली सामसूम मोडली. वीज आली.

बेबीनंदानं हातातली मेथी टोपलीत टाकली आणि ती समोरच्या खोलीतल्या आपल्या फोटो छपाईच्या दुकानात धावली. वाटूरच्या भारनियमनाचा काही नेम नव्हता. पाचच्या जीपनं गिऱ्हाईक काकासाहेब लग्नाचे सहा फोटो न्यायला येणार होते आणि चमकीचे कागद उरले होते सातच.

कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चार वर्षांच्या रेणूनं कागदांचे गठ्ठे ओळीनं मांडले. तिनं त्यांना आपली नावं दिली होती. साधा तो अर्जाचा कागद, चमकीचा लग्नाचा, बिनचमकीचा हाराचा.

या कागदांतला फरक आज सकाळी मच्छिंद्रालाही समजून घ्यायचा होता. सहा वर्षांत प्रिंटरकडं वळूनही न पाहिलेला नवरा स्टूल ओढून बसला होता.

"कामावरच्या बद्रीनाथची म्हातारी आई गेली. मोठा फोटो करायचाय. कोणता कागद बरा?"

"साध्यावर शाई पसरती. चमकीवर रंग झ्याक येतो, पण पुढं दिवा लावला की काचेत दिवाच दिसतो, माणूस न्हाई. हार घालायच्या फोटोला बिनचमकीचाच घ्यावा."

"टिकतो ना?"

"उन्हात न्हाई टांगला तर बराबर टिकतो. आज लई चौकशी करून राह्यले तुम्ही!"

तो हसला. "शिकू दे की मलाबी. अन् ऐक, उद्या शहागडला जाऊ. नदीत नावेत बसू. आपण दोघंच. रेणूला आईपाशी ठेवू."

 तिची कानशिलं गरम झाली.

"जा, तू सैपाक बघ. मी काढतो माझ्या हातानं," म्हणत त्यानं तिला आत पिटाळलं. थोड्या वेळानं, फोटो निघायच्या आतच, वीज गेली. तो चहा न घेताच कामावर गेला. तिनं मात्र उद्यासाठी हिरवी साडी काढून ठेवली.

आता तिनं हात लावायच्या आतच प्रिंटर खरखरला. सकाळचं अडकलेलं काम आपसूक सुरू झालं होतं. तिनं वाकून पाहिलं. कागद बिनचमकीचा, छापायची बाजूही बिलकुल बरोबर. शिकला की गडी!

"येऊ दे म्हातारीला आधी," ती रेणूला म्हणाली.

कागद बोटबोट पुढं सरकत होता. आधी पांढरी पट्टी आली. मग केस.

"म्हातारीचे केस काळे!" रेणू खिदळली.

मग कपाळ. कुंकू. डाव्या भुवईवर लहानपणीच्या जखमेची खूण.

बेबीनंदाचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला.

फोटो घसरत बाहेर आला. शाई कुठंच पसरली नव्हती. रेणूनं टाळी वाजवली, कागदावरून बोट फिरवलं आणि मान वर केली.

"आई, तुझा फोटो हाराच्या कागदावर कशाला काढला पप्पांनी?"