बघतोय गं

शनिवार-रविवार ऑफिसचं नावही काढणार नाही, असं मी लेकीला कबूल केलं होतं. तरी कॅम्पवर, झिपलाइनच्या मनोऱ्याखाली बसून मी मेलच चाळत होतो.

"बाबा, बघतोयस ना?" वरून तिची हाक आली.

"बघतोय गं," मान वर न करताच मी ठोकून दिलं.

असं चारदा झालं.

मग कुणीतरी माझी बाही ओढली. लेक शेजारी उभी होती. हेल्मेट हातात, डोळे भरलेले.

"मी कधीच खाली आले, बाबा. तू बघितलंच नाहीस. आणि मघापासून 'बघतोय, बघतोय' कोणाला म्हणतोयस?"

मी काही बोलणार, इतक्यात वरून तिच्याच आवाजात हाक आली, "बाबा, बघतोयस ना?"

लेकीने माझा हात घट्ट धरला.

"आता मात्र वर बघू नकोस."