मजकूर तोच

"पुसली ना?" गहिनीनाथनं खुर्चीच्या मागून विचारलं.

"पुसली, भाऊ." वनमालानं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. फायली पुसल्यावर जिथं पडतात ती टोपलीही रिकामी करून दाखवली.

पाटोद्याच्या स्टँडसमोर तिचं टायपिंगचं आणि फ्लेक्सचं दुकान होतं. गहिनीनाथ जुनं गिऱ्हाईक. अमरसिंह साहेबांचे सगळे फ्लेक्स तोच करून घ्यायचा, आणि सगळे आधीच. निवडणुकीच्या निकालाआधी दोन दिवस विजयाचा फ्लेक्स तयार असायचा. दर वेळी एकच सांगणं, "मजकूर तोच ठेवा वहिनी, नाव तेवढं बदला." काल मात्र त्यानं तिला बाहेर बसवलं आणि स्वतः टाइप केलं. मध्येच लाइट गेली. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून केलं.

"सत्काराचा फ्लेक्स व्हता," तो म्हणाला. "एकोणीसला कार्यक्रम हाय. साहेबांना दुसरा दिवस रिकामा न्हाई. पण आधीच कशाला लिहिलं म्हणून शिव्या खाल्ल्या. आता काई राह्यलं न्हाई ना ह्यात?"

"न्हाई."

तो बाहेर पडला. रस्त्यावर नांदूरघाटचे आसाराम तात्या एसटीची वाट बघत उभे होते. सकाळी त्यांनी तिच्याकडंच समन्सची झेरॉक्स काढली होती. उद्या कोर्टात त्यांची साक्ष होती. वाळूच्या टिप्परखाली गावातली एक बाई गेली, तेव्हा टिप्पर खुद्द अमरसिंह चालवत होता. ते पाहणारे तात्या एकटेच.

"तात्या, आमी नांदूरघाटलाच चाललो. बसा जीपमधी."

"उद्या तुज्या साहेबाच्या इरोधात बोलायचंय मला," तात्या म्हणाले.

"बोला की. आमी तोंड धरलंय का तुमचं?"

जीपमधले दोघं हसले. एकानं तात्यांची पिशवी उचलून आत ठेवली. पिशवीत कोर्टाचे कागद होते. तात्या पिशवीमागं जीपमध्ये चढले.

वनमाला कामाला लागली. लाइट गेली की वर्ड अर्धवट बंद पडायचं आणि फोल्डरमध्ये तात्पुरत्या फायली मागं सोडून जायचं. नागमोडी रेघेनं सुरू होणारी त्यांची नावं, चित्रं पुसट. त्या साचल्या की कॉम्प्युटर जड व्हायचा, म्हणून ती त्या झाडून काढायची. पण काढण्याआधी प्रत्येक उघडून बघायची. एकदा न बघता एका लग्नाची पत्रिका घालवली होती, तेव्हापासूनची सवय.

आज दोन होत्या. एक रिकामी निघाली. दुसरी जड होती. कालचीच.

भावपूर्ण श्रद्धांजली. कै. आसाराम तात्या यांचे दि. ___ रोजी अपघाती निधन झाले. दशक्रिया विधी गुरुवार, दि. १९. प्रमुख उपस्थिती मा. अमरसिंह साहेब. शोकाकुल, गहिनीनाथ आणि मित्रमंडळ.

तिनं दोनदा वाचलं. मरणाच्या तारखेची जागा मोकळी होती, दशक्रियेची भरलेली. ती बोटांवर उलटी मोजत आली. एकोणीस दहावा, अठरा नववा, सतरा आठवा. पहिला दिवस दहा तारखेला आला.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आज दहा तारीख होती.

वाटेतल्या घाटात पोचायला जीपला वीस मिनिटं पुरे. ठाण्यात जाऊन समजावून सांगायला तासही पुरला नसता. तात्यांना फोन केला असता तर शेजारी बसलेल्यांनीही ऐकला असता. तिनं मोकळ्या जागेत दहा तारीख भरली. पानाचा फोटो काढला. तालुक्यातल्या गिऱ्हाइकांचे जेवढे ग्रुप तिच्या फोनमध्ये होते तेवढ्यांवर टाकला. शेवटी नांदूरघाटच्या ग्रुपवर.

मग ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. कुणी विचारलं, कसं झालं? कुणी लिहिलं, गहिनीनाथरावांना फोन लावतो. कुणी लिहिलं, साहेबांना लावलाय.

अर्ध्या तासानं तिचा फोन वाजला.

"वनमाला, मी तात्या. आगं, लोकं मलाच इचारायलेत तात्या कवा गेले म्हणून. मी म्हणायलो, बाबांनो, अजून गेलो न्हाई."

"तात्या, कुठं हाव तुमी?"

"नांदूरघाटच्या चौकात. घाटात जीप थांबिवली व्हती ह्यांनी, मला खाली उतर म्हणले. तेवढ्यात सगळ्यांचे फोन सुरू झाले, थांबायलाच तयार न्हाईत. एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं आन् मला इथं आणून सोडलं. सगळं गाव जमलंय मला बघाया. एका म्हातारीनं तर चिमटा काढून बघितला."

"चौकातून हलू नका. उद्या गाव संगं घेऊनच कोर्टात या."

"बरं, पोरी," तात्या म्हणाले. आवाज बदललेला होता.

ऊन कलल्यावर ती उठली. कॉम्प्युटर बंद करण्याआधी तिनं त्या फाइलच्या दोन प्रती काढल्या. एक पदराआड ठेवली, एक लिफाफ्यात घालून वर सरकारी वकिलाचं नाव लिहिलं. शटर ओढायला वळली, तर दारात गहिनीनाथ उभा होता. तो आत आला. कालच्याच खुर्चीवर बसला. रागावलेला दिसत नव्हता.

"काई राह्यलं न्हाई म्हणला व्हतात, वहिनी."

त्यानं उठून शटर अर्धं खाली ओढलं. फटीतून आलेलं ऊन त्याच्या पायांवर पडलं. दिवस अजून मावळला नव्हता.

"साहेबांना एकोणीसच जमतंय," तो म्हणाला. "मजकूर तोच ठेवा. नाव तेवढं बदला."